पॉलिश केलेला ॲल्युमिनियम ट्रेलर पुन्हा पुन्हा धुरकट होतो? बफ उचलण्याआधी हे तपासा

“मिस्त्री, परवाच तर चमकवून गेलात. आज बघा, राखेत लोळलेल्या गाढवावाणी दिसायलंय.”

पैठणकडच्या एका शेतावरून आलेला हा फोन. त्या एकाच ट्रेलरसाठी वर्षातला तिसरा. त्याची गोष्ट पुढे येईलच, कारण आधी बघायचं आणि मग बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं चाक, लावायचा हे मला त्या ट्रेलरनं शिकवलं.

मी संभाजीनगरचा. बसच्या बॉडीचं पत्राकाम करत मोठा झालो. चिकलठाण्याला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा असल्यामुळे आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या पत्र्याला आणि रिव्हेटला, आमच्या बोलीत रिपीटला, सरावलेले हात पुष्कळ. २०२१ मध्ये राज्याचं कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरच्या घरांचं, पर्यटन धोरण आलं, तेव्हापासून माझ्याकडे जुने ट्रेलर घेऊन येणारे वाढले. कुणी सर्वेक्षणाच्या छावणीतला भंगारात निघालेला उचलतो, कुणी जुना फिरता दवाखाना. कुणाला तो वेरूळच्या वाटेवर मुक्कामाला ठेवायचा असतो, कुणाला म्हैसमाळला चहा विकायला. आणि सगळ्यांना हवा असतो आरसा.

आरसा होतो. तो टिकत नाही, ही तक्रार. पॉलिश म्हणजे पत्रा थोडा थोडा खरवडणंच असतं. दर खेपेला जो गेला तो गेला, परत येत नाही. म्हणून धुरकटपणाचं मूळ सापडेपर्यंत मी मशीन बाहेर काढत नाही, मग मालक कितीही घाई करो.

आधी लक्षणं

सकाळच्या तिरप्या उन्हात ट्रेलरभोवती एक फेरी मारा. भर दुपारी सगळंच चमकतं, काही कळत नाही. यातलं काय दिसतं ते खडूनं पत्र्यावरच खूण करून ठेवा:

- दुधावर साय धरावी तसा थर. ओला हात फिरवला की गायब, वाळलं की परत हजर.
- पांढरी वर्तुळं, कडा स्पष्ट. खिडक्यांखाली आणि पाणी थेंबथेंब गळतं तिथे जास्त.
- रिपीटच्या डोक्याखालून आणि पत्र्याच्या जोडावरून उतरलेले काळे ओघळ, काजळ वाहिल्यासारखे.
- पिवळसर चट्टे. कडेला नख लावलं तर कांद्याच्या पातीसारखा पापुद्रा निघतो.
- पत्र्याच्या कडेपासून किंवा रिपीटपासून निघून आत वळवळत गेलेल्या बारीक रेघा, वाळवीच्या वाटांसारख्या, पारदर्शक लेपाच्या खाली.
- स्क्रूभोवती पांढरी भुकटी आणि पत्रा फुगलेला.
- तांबूस ठिपके, पण बोटाला पत्रा गुळगुळीतच लागतो.
- नखाला अडणारे खड्डे.

ढोबळ हिशेब असा, की ओल्या हाताखाली जे लपतं ते वरवरचं आणि नखाला जे अडतं ते पत्र्यात शिरलेलं. पहिल्यासाठी पाणी आणि फडकं पुरतं. दुसऱ्यासाठी कधीकधी मीही पुरत नाही.

प्लग उपसून हातात घ्या

ट्रेलरला बाहेरून वीज जोडलेली असेल तर नुसतं बटण बंद करून चालत नाही, प्लग उपसा. ॲल्युमिनियमचं अंग म्हणजे चारी बाजूंनी उघडी तार. धुताना किंवा दाराची कडी धरताना कुणालाही एकदा जरी झिणझिण्या आल्या असतील, तर हे वाचणं इथेच थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणून वीज नाही असं समजू नका. अर्थिंग तपासून आणि ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज अंगातून गळू लागली की ती आपोआप तोडणारा स्विच, बसवून घ्या. बाकी सगळं त्यानंतर.

फुकटची तपासणी: बनियनचा तुकडा

जुन्या पांढऱ्या सुती बनियनचा तुकडा घ्या, त्यावर हरभऱ्याएवढं मेटल पॉलिश घ्या आणि पत्र्यावर दहा-बारा वेळा घासा. फडकं लगेच काळं पडलं तर तुम्ही उघड्या धातूवर आहात. पांढरंच राहिलं किंवा पिवळट झालं, तर तुमच्या आणि पत्र्याच्या मध्ये जुनं लॅकर, म्हणजे पारदर्शक लेप, आहे.

हे सहा ठिकाणी करा: छप्पर, दोन्ही बाजू, दाराजवळ, खिडकीखाली आणि चाकाच्या वर. एका ठिकाणी करून भागत नाही, कारण लॅकर सगळीकडे सारखं उडत नाही. छपरावरचं उन्हानं केव्हाच गेलेलं असतं, सावलीच्या बाजूचं ठाण मांडून बसलेलं असतं. लॅकर असलेल्या जागी तुम्ही दिवसभर बफ फिरवाल तर लॅकरच चमकवाल, पत्रा नाही. महिन्याभरात ते पुन्हा धुरकटतं आणि दोष मिस्त्रीला जातो.

पाणी

आमच्या घरी जर्मलच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात इडल्या उकडायच्या. आई तळाच्या पाण्यात चिंचेचं बुटुक टाकायची. एखाद्या दिवशी विसरली की बोअरच्या पाण्यानं पातेलं आतून काळं पडायचं. या पोस्टमधलं निम्मं रसायनशास्त्र त्या बुटकात आहे.

ॲल्युमिनियमच्या अंगावर त्याचं स्वतःचं ऑक्साइडचं कवच असतं, जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचं. पाण्याचा पीएच साधारण ४ ते ८.५ च्या मध्ये असेल तोवर ते टिकतं. धुण्याचा सोडा, राख, चुना, ओलं सिमेंट, कॉस्टिक यांच्यापुढे ते विरघळतं. संडास साफ करायच्या ॲसिडपुढेही विरघळतं. पितळेला चिंच आणि राख लावून लखलखीत करणाऱ्या आपल्या हातांना हे पटत नाही, पण पितळेचा न्याय जर्मलला लागत नाही. शेजारी बांधकाम चालू असेल आणि सिमेंटचा शिंतोडा पत्र्यावर वाळला, तर त्याखाली जो करडा डाग राहतो तो धुऊन जात नाही. तिथे पत्राच खाल्लेला असतो.

आपलं बोअरचं पाणी जड. थेंब उन्हात वाळला की क्षार मागे राहतो, तीच ती पांढरी वर्तुळं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्म करा, कोपऱ्यातल्या एका वर्तुळावर दोन मिनिटं धरा, मग साध्या पाण्यानं धुवा. डाग गेला तर तुमचा आजार एवढाच होता. व्हिनेगर जास्त वेळ ठेवू नका, तेही ॲसिडच आहे.

आता धुण्याची पद्धत. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात राहून मी पाइप सोडून ट्रेलर धुवा असं सांगणार नाही, आणि त्याची गरजही नाही. दोन बादल्या पुरतात: एक फडकं बुचकळायला, एक खंगाळायला. सूर्य उतरल्यावर, पत्रा गार झाला की वरून खाली धुवा. शेवटचा हात आरओच्या जारमधल्या दोन-तीन लिटर पाण्यानं मारा आणि लगेच कोरडं पुसा. पावसाळ्यात पत्र्याच्या छपरावरून धरलेलं पाणी त्याहून चांगलं, फक्त पहिल्या सरीचं धरू नका, त्यात वर्षाची धूळ असते.

एवढ्यानं पुष्कळ ट्रेलर बरे होतात. मला पैसे मिळत नाहीत, पण फोनही येत नाहीत.

आजूबाजूला काय उडतंय?

आता पैठणचा ट्रेलर. मोसंबीच्या बागेच्या कडेला उभा होता, शहरातल्या पाहुण्यांना मुक्कामासाठी. पहिल्यांदा गेलो, पॉलिश केलं. चार महिन्यांनी बोलावलं, पुन्हा केलं, मनात म्हटलं आपलंच कुठेतरी चुकलं असेल. तिसऱ्या वेळी मशीन गाडीतच ठेवलं आणि नुसता फिरलो.

खराब होती ती एकच बाजू, झाडांकडची. रस्त्याकडच्या बाजूत तोंड दिसत होतं. खराब बाजूलाही छातीच्या उंचीपर्यंत ठिपके दाट आणि वर विरळ. ऊन-पाऊस असा उंची बघून पडत नाही. खालच्या ओळीतल्या रिपीटच्या कडेला बोट फिरवलं तर बोटावर निळसर पावडर आली.

बागेचे राखणदार मामा शेजारीच उभे होते. “मामा, बागेला फवारा कशाचा मारता?”

“बोर्डो. डिंक्यावर. बुडालाबी लावतो, वरूनबी मारतो.”

“कधी मारला शेवटचा?”

डिंक्या म्हणजे झाडातून डिंक गळायचा रोग. मामांनी बोटं मोजली. पावसाच्या तोंडाला एकदा, पाऊस उघडल्यावर एकदा. माझ्या वहीतल्या तारखा काढल्या, तर दोन्ही वेळा फवारणीनंतर पंधरा दिवसांच्या आत मला फोन आला होता.

एक टक्का बोर्डो म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. ज्यांची बाग आहे त्यांना पुढचं सांगायला नको. मिश्रण जमलं का हे बघायला शेतकरी त्यात लखलखीत लोखंडी सुरी किंवा विळा बुडवतो. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, अजून चुन्याची निवळी घाला. म्हणूनच ते प्लास्टिकच्या पिंपात कालवतात, पत्र्याच्या डब्यात नाही. सुरीवर जे दोन मिनिटांत होतं तेच ट्रेलरवर होतं, फक्त सावकाश. मोरचुदातलं तांबं पत्र्यावर कणाकणानं बसतं. तांबं आणि ॲल्युमिनियम शेजारी आले आणि वर दवाचा ओलावा मिळाला, की प्रत्येक कण एक छोटी बॅटरी होतो, आणि त्या बॅटरीत झिजतं ते ॲल्युमिनियम. वर चुन्याचा मारा वेगळा. मी दोन वेळा ते खड्डे घासून गुळगुळीत केले, पण तांब्याचे कण रिपीटच्या कडेला तसेच राहिले होते.

मामांना हे सांगायला मला एक वाक्य लागलं: “तुमची सुरी लाल होती ना, तसाच हा पत्रा खड्डे धरतो.” ते हसले. “मग आधीच इचारायचं ना मिस्त्री. पंप मारताना आमीच तर इथं उभे असतो.”

तेव्हापासून माझी सवय अशी की मालकाच्या आधी राखणदाराशी बोलायचं. मालक महिन्यातून एकदा येतो आणि त्याला चमक दिसते. राखणदाराला वारा कुठून येतो हे माहीत असतं. साखर कारखान्याच्या हंगामात बगॅसची, म्हणजे जळणाऱ्या उसाच्या चोथ्याची, काजळी येते, पाणी लागलं की ती चिकटते. जालन्यात भट्ट्या आणि रोलिंग मिलच्या वाऱ्याला उभ्या असलेल्या ट्रेलरवर लोखंडाची धूळ बसते आणि दवानं गंजते. तांबूस ठिपके म्हणजे बहुतेक वेळा तेच, तुमचा पत्रा गंजलेला नसतो, ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढतच नाही. गाड्या धुणाऱ्यांकडे मिळणाऱ्या क्ले बारनं ते निघतात. तारेच्या घासणीनं मात्र कधीच घासू नका, तिचे तुकडे पत्र्यात रुततात आणि पुढच्या पावसात दुप्पट ठिपके देतात.

मागच्या पॉलिशचा चिखल

काळे ओघळ असतील तर आधी माझ्यासारख्याच कुणावर तरी संशय घ्या. बफ फिरवताना ॲल्युमिनियमची भुकटी आणि पॉलिशच्या मसाल्यातलं तेल मिळून काळा लगदा होतो. सपाट पत्र्यावरचा पुसला जातो, पण जोडाच्या फटीत आणि रिपीटच्या डोक्याखाली राहतो. मे महिन्यात पत्रा तापला की तेल पातळ होऊन खाली उतरतं.

उपाय स्वस्त आहे. जुना दात घासायचा ब्रश, थोडं मिनरल टर्पेंटाइन, फटीफटीतून. मग कोरड्या फडक्यावर मैदा किंवा मक्याचं पीठ घेऊन पुसा, पीठ उरलंसुरलं तेल ओढून घेतं. बायको म्हणते घरात पोळ्यांना पीठ नाही आणि तुम्ही गाडीला लावता, पण याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही. टर्पेंटाइन वापरताना विडी-काडी लांब आणि दारं उघडी. बफिंगची करडी भुकटी झाडून वेगळी ठेवा. तिच्याजवळ ग्राइंडर चालवून लोखंडाच्या ठिणग्या पाडू नका, ती पेट घेते. पेटलीच तर पाणी ओतू नका, कोरडी वाळू टाका.

धुऊन महिन्याभरात ओघळ त्याच जागी परत आले, तर तो लगदा नव्हता. आतून पाणी येतंय. खालचं गळतीचं बघा.

लॅकर

बनियन पांढरं राहिलं असेल तर पॉलिशच्या आधी लॅकर पूर्ण उतरवावं लागतं. अर्धवट उतरवलेलं लॅकर न उतरवलेल्यापेक्षा वाईट, कारण त्याच्या फाटलेल्या कडेतून ओल आत शिरते आणि त्या वळवळत्या रेघा तिथूनच सुरू होतात.

पेंट रिमूव्हर घेताना डब्यावर ॲल्युमिनियमला चालतो असं लिहिलेलं बघा, कॉस्टिकवाला नको. सावलीत, सकाळी आठच्या आत एक पट्टा घ्या. आपल्या उन्हात तो लावतालावता वाळतो आणि मग खरवडल्याशिवाय निघत नाही. खरवडायला लाकडाची किंवा बांबूची चपटी पट्टी. ग्राइंडरला सँडपेपरच्या पाकळ्यांची फ्लॅप डिस्क लावून लॅकर उडवणारे मी पाहिलेत. एका दुपारीत काम होतं आणि पत्र्यावर जन्मभराच्या लाटा राहतात.

हातमोजे, चष्मा आणि वारा. बंद शेडमध्ये हे काम नको.

पत्रा कोणता आहे?

इथे थोडं अमेरिकेला जाऊन येऊ, कारण मालक लोक तिकडचे फोटो दाखवूनच काम सांगतात. एअरस्ट्रीम या ॲल्युमिनियम ट्रेलरच्या कंपनीची सुरुवात वॉली बायम यांनी १९३१ मध्ये केली आणि १९३६ मध्ये त्यांचा क्लिपर आला, विमानाच्या अंगासारखा गोलसर, रिपीट मारलेला. त्यांच्या जुन्या ट्रेलरना वापरलेला पत्रा अल्क्लॅड जातीचा: आत ताकदीचं, तांबं मिसळलेलं ॲल्युमिनियम आणि दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमची पातळ साय. पत्रा सुमारे ०.८ मिलिमीटरचा आणि साय त्याच्या एका बाजूला साधारण ५ टक्के, म्हणजे ०.०४ मिलिमीटर. जो आरसा दिसतो तो त्या सायीचा. जाड वॉटर पेपर लावून ती साय घासून टाकली की आतला धातू उघडा पडतो, त्यातल्या तांब्यामुळे तो लवकर काळवंडतो, आणि शेजारच्या भागाशी त्याची चमक कधीच जुळत नाही.

आपल्याकडचे ट्रेलर बहुतेक इथल्याच बॉडीवाल्यांनी बांधलेले. त्यांना साधा, एकजात पत्रा. तो थोडा मऊ, चमक थोडी कमी, पण कितीही खोल गेलात तरी आत तोच. तुमचा कोणता आहे हे नक्की कळत नसेल तर अल्क्लॅड समजूनच वागा. खिडकीची चौकट काढल्यावर जी कड उघडी पडते तिथे व्हर्नियर लावून जाडी मोजा आणि लिहून ठेवा. मग दोन फूट बाय दोन फुटांचा एकच चौकोन, सर्वांत मऊ मसाल्यापासून सुरुवात करून, चमकवा आणि एक पंधरवडा सोडून द्या. चौकोन टिकला तर ट्रेलर टिकेल. नाही टिकला तर तुमचे बाकीच्या सगळ्या ट्रेलरवरचे कष्ट वाचले.

उघडं पॉलिश केलेलं ॲल्युमिनियम हळूहळू मंद होणारच, वर्षाकाठी एकदा हलका हात लागतोच. मी बोलतोय ते महिन्याभरात जाणाऱ्या चमकेबद्दल.

गळती

इथून पुढे खर्च आणि घाम दोन्ही वाढतात.

सहा मीटरचा पत्रा धरा. परभणीकडे थंडीच्या पहाटे पारा एक आकडी होतो आणि मे महिन्यात त्याच पत्र्यावर हात ठेववत नाही, तेव्हा तो ६० अंशांवर असेल. तेवढ्या फरकात ॲल्युमिनियम सातेक मिलिमीटर लांबतं. खालची लोखंडी चासी त्याच्या निम्मीच लांबते, आणि सावलीत असल्यामुळे तापतेही कमी. हे ओढाताणीचं माप. जोडात कडक पुट्टी भरलेली असेल तर ती एका उन्हाळ्यात तडकते. आंबूस वासाचं सिलिकॉनही नको, वाळताना ते ॲसिटिक ॲसिड सोडतं, आणि त्याच्यावर नंतर दुसरं काही चिकटत नाही. जोडाला लवचिक पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, तेही जुनं पूर्ण काढून आणि कोरड्या पत्र्यावर.

गळती शोधायला दोन माणसं लागतात. एक आत टॉर्च घेऊन, एक बाहेर पाण्याचा मग घेऊन. नेहमी खालून वर या, प्रत्येक जोडाला दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी खाली ओघळून सगळेच जोड गुन्हेगार दिसतात. पाण्याची टंचाई असेल तर उलट करा: खिडक्या-झडपांना टेप लावा, दारातून ब्लोअरनं आत हवा भरा आणि बाहेरून जोडांवर साबणाचं पाणी ब्रशनं लावा. फुगा आला तिथे भोक. पंक्चरवाला ट्यूब बघतो तसंच.

आत शिरलेलं पाणी प्लायवुडमध्ये बसतं आणि पत्र्याला आतून ओलं ठेवतं. पत्रा मागून कुजत असताना पुढून केलेलं पॉलिश काय टिकणार? दाराच्या उंबऱ्यापाशी आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांत स्क्रूड्रायव्हरनं फळी टोचून बघा. भिजलेल्या बिस्किटासारखी आत गेली तर चमकेचा विचार सोडा आणि आधी फळी बदला.

लोखंडी स्क्रू

फ्रिजवरचा लोहचुंबक घ्या आणि रिपीटच्या प्रत्येक ओळीवरून फिरवा. जिथे चिकटला तिथे कुणीतरी कधीतरी घाईत लोखंडी स्क्रू मारलाय. पांढरी भुकटी सापडली की शेजारी चुंबक चिकटतोच, हा माझा अनुभव. स्क्रू काढा, भोक ब्रशनं साफ करा, सीलंट भरा आणि ॲल्युमिनियमचा रिपीट मारा. स्टेनलेसचा स्क्रू घालायचाच असेल तर नायलॉनच्या वॉशरवर. चासी आणि पत्रा जिथे टेकतात तिथे मधली रबराची पट्टी शाबूत आहे का तेही बघा. ती झिजलेली असली की तिथला पत्रा आतून भुसभुशीत व्हायला लागतो, आणि ते बाहेरून बऱ्याच उशिरा दिसतं.

इथे थांबा

मी स्वतः कुठे थांबतो तेवढं सांगतो.

पत्रा पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटायला लागला, किंवा आत टॉर्च लावल्यावर खड्ड्यातून उजेड बाहेर आला, की पॉलिश संपलं. तेवढा तुकडा कापून नवा बसवावा लागतो. त्यासाठी आतून-बाहेरून दोघांनी मिळून रिपीट ठोकणारे बस-बॉडीचे कारागीर शोधा. पातळ पत्र्यावर आर्गन वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि वितळण्याआधी रंग बदलून इशाराही देत नाही. पत्रा वाकडा होईल, नाहीतर भोक मोठं होईल.

एका ओळीतले पाच-सहा रिपीट बोटानं फिरत असतील, तर दुखणं पत्र्याचं नाही, खालचा सांगाडा हललाय. ॲक्सलजवळ चासीला चीर दिसली तर ट्रेलर ओढून नेऊ नका, चासीवाल्याला जागेवर आणा. गॅसची लाइन असेल आणि वास येत असेल तर काय करायचं ते सांगायला नको.

आणि एक दुर्मिळ प्रकार. जुन्या फिरत्या दवाखान्याच्या एका ट्रेलरमध्ये कपाटाखाली पत्र्यावर पांढरी मऊ दाढी उगवली होती. पुसली, तासाभरात परत उगवली. थर्मामीटर किंवा बीपीचं यंत्र फुटून पारा सांडला होता. पारा ॲल्युमिनियमचं कवच मोडतो आणि आतला धातू हवेत भराभर जळाल्यासारखा पांढरा होत राहतो. तिथे झाडू नाही, व्हॅक्यूम नाही, बफ तर नाहीच. खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि घातक कचरा हाताळणाऱ्यांना बोलवा. मी तो ट्रेलर परत केला आणि पैसे घेतले नाहीत.

पैठणचा तो ट्रेलर आता तिथेच उभा आहे, फक्त झाडांपासून तीस फूट मागे. रिपीटची खालची ओळ बदलली, खड्डे आहेत तसे ठेवले. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला मामांचा फोन आला.

“मिस्त्री, उद्या बोर्डो हाय. ताडपत्री टाकू का?”

“टाका, पण पत्र्याला चिकटू देऊ नका. बांबू उभे करून त्यावर टाका, आत वारा खेळला पाहिजे. आणि फवारा झाला की संध्याकाळच्या आत काढा, रात्रभर ठेवलीत तर आतून घाम धरेल.”

“अन् धुवायचं?”

“शिंतोडा दिसला तेवढ्याच जागी, दोन तांबे पाणी. आरओचं.”